लोखंडाचं जेवण

सीवूड्सच्या सिग्नलला कल्पिताने ब्रेक दाबला तेव्हा फुटपाथवर उभ्या बाईने कडेवरच्या मुलाचे कान झाकले. स्वतःचे नाही, मुलाचे. मूल रडलंही नव्हतं. गाडी थांबली, आवाज थांबला, बाईने हात काढला आणि गाडीकडे न बघता काचेतून आत कल्पिताकडे पाहिलं, जणू तो आवाज तिच्याच तोंडातून निघाला होता. एवढंच झालं. सिग्नल सुटला. पण मुलाच्या कानावर ठेवलेला तो पंजा कल्पिताच्या डोक्यातून जाईना, आणि तिने ब्रेक न दाबता चालवायला सुरुवात केली. पुढच्या गाडीपासून लांब राहायचं, दिवा लाल होणार हे आधीच ओळखायचं, गिअर उतरवत उतरवत गाडीचा जीव काढायचा. तरी शेवटच्या हातभर अंतरात तो आवाज यायचाच, बारीक, लांब, वर चढत जाणारा, थांबण्याच्या जरा आधी तुटणारा. इमारतीच्या फाटकाशी वॉचमन आता तिला बघून उठत नसे, ऐकून उठे. गाडी जुनी, लाल, टर्बो इंजिनाची, तिच्याआधी दोन मालकांनी पळवलेली. न्हावाशेव्याच्या बंदरात कंटेनरांचं वेळापत्रक लावणाऱ्या बाईला एवढी पळणारी गाडी कशाला, असं ऑफिसात विचारत. ती सांगे, थांबायला. पळणाऱ्या गाडीला मोठे ब्रेक लावलेले असतात, म्हणून घेतली. लोक हसत. ती खरं सांगत होती.

नेरूळच्या गॅरेजवाल्याने गाडी दोनदा ठेवून घेतली आणि दोनदा तशीच परत दिली. जुनी गाडी आहे मॅडम, पॅड जरा कडक जातीचे आहेत, बोलणारच. बोलणारच म्हणजे काय. जे बोलतं ते काहीतरी सांगत असतं. तिने मग स्वतः वाचायला सुरुवात केली, आणि रात्री पलंगावर पडून स्वतःलाच विचारायला. आवाज कधी येतो? हळू वेगात. गार असताना की तापल्यावर? गार असताना जास्त. दमट हवेत? हो. पुढून की मागून? पुढून, बहुतेक डावीकडून. जोरात दाबल्यावर? जोरात दाबला तर येत नाही, हळुवार दाबला तरच. किती दिवसांपासून? इथे ती दर वेळी अडे. पहिल्यांदा कधी ऐकला ते आठवत नव्हतं. आवाज सुरू झाला तेव्हा तो आवाज नव्हता, खिडकीबाहेरचं काहीतरी होतं, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचं. तो आपला आहे हे कळायला किती दिवस गेले, हे कुणाला विचारायचं?

शुक्रवारी ती चौलला बाबांकडे आली ती नवे पॅड, पॉलिश पेपर आणि ग्रीसची ट्यूब डिकीत घालून. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चाक काढायची परवानगी नव्हती. बाबांच्या अंगणात होती. हिरामणचं, म्हणजे बाबांचं, लहानपण धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात गेलं, मग ट्रक, मग आईच्या माहेरच्या या वाडीत घर, आणि आई गेल्यापासून घर, टेम्पो आणि ते. ती पोचली तेव्हा ते तेल लावत होते. ही रोजचीच वेळ. दिवस कलला की एका हातात खोबरेल तेलाची वाटी आणि दुसऱ्यात कोंबडीचं पीस घेऊन बाबा घरातल्या सगळ्या लोखंडाभोवती फिरत. फाटकाच्या बिजागऱ्या, कोयता, विळी, विहिरीच्या रहाटाचा कणा, कुलूप, टेम्पोच्या दारांचे सांधे. मिठागरात लोखंड रात्रीतून मरतं. फावडं संध्याकाळी तसंच टाकलं तर सकाळी त्याला फोड आलेले असतात. म्हणून त्यांची आजी, मग आई, मग ते, संध्याकाळी माणसं जेवायच्या आधी लोखंडाला जेवू घालत. तसंच म्हणत घरात. लहानपणी आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, लोखंड जेवलं काय? आणि बाबा म्हणायचे, जेवलं, आता आमाला वाढ. शाळेत कल्पिताने हे एकदा सांगितलं आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर तिने घरचं काही सांगितलं नाही, आणि घरची बोलीही जिभेवरून उतरवून ठेवली, पुसून, घडी घालून, कुठे ते आता तिलाही आठवत नव्हतं.

आता ती अंगणात जॅक लावत होती आणि बाबा पडवीच्या पायरीवर बसून बघत होते. शनिवार, उन्हं चढायच्या आधी. डावं पुढचं चाक निघालं आणि आतली डिस्क उघडी पडली, मोठी, चकचकीत, कडेला गंजाची तपकिरी किनार. दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी धरून बसलेले, त्यांना दाबणारा तो बीडाचा जबडा. तिने पॅड ओढून काढले. त्यांचं तोंड काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. हेच. जास्त तापून पॅडचं तोंड काच होतं, मग ते डिस्कला पकडत नाही, तिच्यावरून थरथरत घसरतं, आणि त्या थरथरण्याचा आवाज होतो. शिवाय जबडा ज्या दोन पिनांवर सरकतो त्या कोरड्या, खाऱ्या हवेने खरखरीत झालेल्या. तिला एकदम बरं वाटलं. इतके महिने आपण ज्याला अंगात काहीतरी बिनसलंय असं समजत होतो ते हातात धरता येतं, दाखवता येतं. तिने डिस्क पॉलिश पेपरने आडवीतिडवी घासली, पिना पुसून त्यांना ग्रीस लावलं, नव्या पॅडच्या पाठीला, फक्त पाठीला, बोटाने पातळ थर दिला. बाबांची मान लांब झाली होती. ते म्हणाले, "ब्रेकात तेल घालतंस?"

"तेल नाही, ग्रीस. पाठीला. म्हणजे थरथरत नाही."

"आनि पिनंला."

"पिनेला पण."

मग ते काहीतरी म्हणाले. सगल्या लोखंडाला लावायचं ना, की असंच काहीतरी, आणि ती बोल्ट फिरवत होती, पाना हातात निसटत होता, घाम डोळ्यांत गेला होता, आणि ती म्हणाली, हं. हं, हं. हे तिला नंतर आठवलं. त्या वेळी तो नुसता श्वास होता. दुसऱ्या बाजूचं चाकही तिने तसंच केलं, जुने काच झालेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत टाकले, कारण तिच्याने काही फेकवत नाही, आणि गाडी अंगणात पुढे-मागे घेऊन पाहिली. आवाज नव्हता. बाबांनी मान हलवली. "गप झाली."

रविवारी दिघीला जायचं होतं. केसरआत्याच्या, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीच्या नातीचा साखरपुडा. आगरदांड्याला गाडी बोटीत चढवायची आणि पलीकडे उतरायचं. सकाळी शेजारची गोदूमावशी कुंपणाशी आली, गाडी बघून म्हणाली, "आज मोठ्या गारीतनं काय रे हिरामण. आमाला मातर टेम्पो." गोदूमावशी आणि वाडीतल्या आणखी बायका रोज पहाटे नारळ, शेवग्याच्या शेंगा, फुलं घेऊन बाबांच्या टेम्पोतून अलिबागच्या बाजाराला जात. बाबा पुढे, गोदूमावशी त्यांच्या शेजारी, बाकीच्या मागे टोपल्यांत. "गेल्या म्हैन्यात तुज्या बापसानं आमाला रोह्याच्या रस्त्यानं फिरवून आनलं," मावशीने कल्पिताला सांगितलं. "फाट्याला वलायचं, त हा सरल गेला. मी बोल्ले, हिरामण, नवरीला पलवून नेतंस काय आमाला? सगल्या हसून हसून मेलो." बाबा म्हणाले, "तुमी बडबडता, मंग रस्ता कसा दिसल." मावशी हसली, कल्पिता हसली. उद्या सोमवार, मोठा बाजार, टोपल्या जास्त हायत, येल करू नको, एवढं बजावून मावशी गेली. आणि कल्पिताने गाडी काढली. रेवदंड्याच्या नाक्यावर तिने ब्रेक दाबला आणि काही आलं नाही. शांतता. गाडी थांबायला जरा उशीर झाला, पण नव्या पॅडना डिस्कवर बसायला वेळ लागतो, हे ती वाचून होती. पुलावर पुन्हा तेच. पेडल कडक, गाडी सुस्त. बसतील. ती बिनआवाजाच्या गाडीत बसली होती आणि शेजारी तिचे बाबा स्वच्छ पांढऱ्या शर्टात समुद्राकडे बघत होते. कोर्लई गेलं, बोर्ली गेली. किती महिन्यांनी तिला आपल्या येण्याची आधी वर्दी न देता एखाद्या गावातून जाता येत होतं. तिला त्या सिग्नलवरच्या बाईला दाखवावंसं वाटलं. बघा.

काशीदच्या आधीचा चढ संपला आणि उतार लागला, वळणाखाली सुरूची झाडं, झाडांमागे पाणी, आणि वळणाच्या तोंडाशी पर्यटक माणसं रस्त्यात उभी राहून फोटो काढत होती. तिने ब्रेक दाबला. पेडल घट्ट होतं. पाय जितका जाईल तितका गेला आणि गाडी तशीच, वजनाने, स्वतःच्या वजनाने, खाली. तिने आणखी दाबला, दोन्ही हात स्टीअरिंगवर. त्याच क्षणी वास आला. हा वास तिला माहीत होता आणि गाडीत त्याचं काही काम नव्हतं. आई रविवारी सकाळी वाटीत तेल घेऊन वाटी चुलीच्या कडेला ठेवायची, कोमट व्हायला, आणि मग कल्पिताचं डोकं दोन गुडघ्यांमध्ये धरायची, तो वास, तापलेल्या खोबरेलाचा, आणि तिला क्षणभर, खरंच क्षणभर, आईची बोटं टाळूवर जाणवली, मग तो वास जळका झाला. "ब्रेक सोर," बाबा म्हणाले. शांत आवाजात. "सोर. दुसरा टाक. आता हॅन्डब्रेक, हलू, झटका नको, हलू वर. हां. डावीकरं वालू हाय, तितं घाल." तिचा हात त्यांच्या आवाजामागून गेला. इंजिन ओरडलं, मागची चाकं आखडली, हॉर्न वाजत राहिला, माणसं बाजूला उडाली आणि गाडी सुरूच्या मुळांपाशी वाळूत नाक खुपसून थांबली. एका पोराने अजून मोबाइल धरलेलाच होता. बाबांनी दार उघडलं, खाली उतरले, शर्ट झटकला. "मिठागरात शिकवला व्हता तुना. ब्रेक शेवटी. आदी गेर." मे महिन्यात सुकलेल्या मिठाच्या वाफ्यांवर त्यांनी तिला ट्रक चालवायला शिकवला होता, ती पायाच्या अंगठ्याने पेडल दाबायची आणि मिठाच्या खपलीवरून ट्रक घसरत जायचा, कुठल्याच ब्रेकने न थांबता, आणि ते शेजारी बसून हसत, कारण तिथे धडकायला काहीच नव्हतं. पांढरं, पांढरं, क्षितिजापर्यंत पांढरं.

नांदगावच्या अलीकडे दादूचं गॅरेज होतं. काशीदच्या एका जीपवाल्याने दोर बांधून गाडी तिथवर नेली. केसरआत्याला फोन केला, येत नाही, गाडी बिघडली, तुम्ही उरकून घ्या. दादू पन्नाशीचा, बोलका, तोंडात सुपारी. त्याने चाक काढलं, डिस्कवर बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. मग पुन्हा नेलं, खात्री करायला. "ताई," तो म्हणाला, "गाडीचे केस कधी धुता? शनवारी का रविवारी?" त्याच्या गिऱ्हाईकांपैकी एकजण हसला. "खोबरेल हाय हे. चांगलं घरचं, घाण्याचं. पॅड पार भिजलेत, पापड तळावा तसे तळलेत. कोनी मारलं?" आणि बोलता बोलताच त्याने जबड्याच्या फटीतून दोन बोटांनी काहीतरी ओढून काढलं, काळं, चिकट, आणि ते उन्हाकडे धरलं. "आनि ही कोंबडी कुठून आली मधे?"

पीस. तुटलेलं, जळलेलं, पण पीस.

कल्पिताने बाबांकडे पाहिलं नाही. ते तिच्या उजव्या हाताला, स्टुलावर, चहाचा ग्लास धरून बसले होते, हे ती न बघताच बघत होती. चाकाच्या रुंद आऱ्यांतून आत हात जातो. काल संध्याकाळी ती आतल्या खोलीत झोपली होती, दमून. वाटी, पीस, फाटकाच्या बिजागऱ्या, रहाट, टेम्पो, आणि मग लाल गाडी, पाहुणी गाडी, तिच्या पोटात एवढं मोठं उघडं लोखंड, कालच घासून चकचकीत केलेलं, खाऱ्या हवेत, उपाशी. "मी," ती म्हणाली. "मीच लावलं. गंजू नये म्हणून."

दादूने तिच्याकडे, मग तिच्या नखांतल्या ग्रीसकडे पाहिलं. सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. बोलले बाबा. ग्लास खाली ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ब्रेकला तेल लावतात काय? शिकलेली पोर तू. मी इतकी वर्सं ट्रक चालवला, बोट लागू दिला नाय ब्रेकच्या पट्ट्याला कुनाला. मेलो असतो ना आज." ते खरोखर चिडले होते. कपाळावरची शीर वर आली होती. त्यांचे डोळे पीसावरून तिच्यावर आले आणि त्यांत काहीच लपवलेलं नव्हतं, तेच भयानक होतं. कुणी खोटं बोललं तर डोळ्यांत कुठेतरी एक दार लावलेलं दिसतं. इथे सगळी दारं उघडी आणि घरात कोणी नाही, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला लाज वाटली.

"चुकलं बाबा," ती म्हणाली.

"चुकलं म्हने."

तळलेले पॅड पुन्हा लावता येत नव्हते. या गाडीचे पॅड मुरूडला काय, अलिबागलाही मिळाले नसते. तेव्हा तिला डिकी आठवली. वर्तमानपत्रातले जुने पॅड, काच झालेले, ओरडणारे. दादूने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "हे आवाज करतील."

"करू दे."

"लय करतील."

"थांबतील ना पण?"

"थांबतील. हे कोरडे हायत." तो कामाला लागला. पेट्रोलने डिस्क धुतली, पुसली, पुन्हा धुतली, पॅडचं तोंड कानशीने जरा खरवडलं. ती गॅरेजच्या मागे नारळीच्या सावलीत जाऊन उभी राहिली. तिला बसवत नव्हतं. बाबांनी तिचं बघून केलं. तिनेच काल त्यांच्यासमोर ब्रेकमध्ये ग्रीस भरलं, त्यांनी विचारलं, ती हं म्हणाली. कुणीही चुकलं असतं. पाठीला लावतात आणि तोंडाला लावत नाहीत, हा केवढासा फरक. हे ती स्वतःला सांगत होती आणि सांगताना तिच्यातलाच कोणीतरी, नेरूळच्या गॅरेजवाल्याच्या आवाजात, म्हणत होता, जुनी गाडी आहे मॅडम, बोलणारच. मग प्रश्न आले. तेच प्रश्न, तिने स्वतः रात्री विचारलेले, फक्त आता गाडी त्यांत नव्हती. कधी होतं? संध्याकाळी. रोज? माहीत नाही. थकल्यावर? माहीत नाही. जोरात दाबल्यावर? नाही, जोरात दाबल्यावर नाही, उतारावर, जिवावर बेतल्यावर सगळं बरोबर होतं, दुसरा टाक, हलू, डावीकडे वाळू. हळुवार वेळीच तेवढं. फाट्याला. रोह्याच्या रस्त्यावर. हसून हसून मेलो. फोनवर एकदा ते म्हणाले होते, तुझ्या आईला विचारून सांगतो, आणि मग गप्प झाले, आणि तिने समजून घेतलं होतं, माणसाला सवय असते. किती दिवसांपासून? पुन्हा तिथेच ती अडली. सुरू झालं तेव्हा ते काही नव्हतंच, खिडकीबाहेरचं काहीतरी होतं.

आणि टेम्पो. टेम्पोच्या पुढच्या चाकांनाही डिस्क आहेत. बाहेरून दिसतात, थोड्या. उद्या सोमवार. काळोखात गोदूमावशी पुढे बसेल, मागे टोपल्या, टोपल्यांवर बायका, वाडीचा उतार, खाली मुख्य रस्ता. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला बाबा, सकाळी उठून टेम्पो पुसणारे, बायकांची बडबड वीट येईपर्यंत ऐकणारे, आई गेल्यावर त्या बडबडीनेच जगवलेले. त्यांच्या हातातून टेम्पो काढला तर पहाटे ते उठतील कशासाठी? आणि एकदाच झालं असेल तर? एकदाच, तिच्या चुकीने? एका हं-वरून माणसाच्या हातातली चावी घ्यायची? ती नारळीच्या बुंध्याला नखाने खरवडत राहिली. एकदा झालं की आणखी एकदा होणार, हे गाडीच्या बाबतीत तिला किती सहज कळलं असतं.

दुपार कलता ते परत निघाले. दादूने दार लावता लावता म्हटलं, "ताई, पुढच्या खेपेला शिकेकाई पन घाला." ती हसली. काशीदचा तोच चढ आता उलट्या बाजूने. माथ्यावरून बोर्लीकडे उतार लागला तेव्हा तिने पाय हळुवार ठेवला आणि तो आला, बारीक, लांब, वर चढणारा. गाडीने धरलं. पुन्हा दाबला, पुन्हा आला. रस्त्याकडेची कोळीण टोपली सावरत वळून बघू लागली. बघा, कल्पिताला वाटलं, बघा की. बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली, पुढच्या चाकाच्या दिशेने कान दिला, जसा ते ट्रकच्या इंजिनाला देत.

"आवाज येतं गो," ते म्हणाले.

"येऊ दे बाबा."

कोर्लईची घरं गेली, सुकत घातलेली मासळी, कुंपणावर जाळी. ती मनातल्या मनात म्हणत होती, काही बोलू नका, आता काही बोलू नका. एकदाच झालं, एवढंच राहू दे.

"घरी गेल्यावर तेल लावतू," बाबा म्हणाले. "लोखंड हाय. उपाशी हाय ते."

पुलाच्या अलीकडे डाव्या हाताला रस्ता रुंद आहे. तिने गाडी तिथे घेतली. ब्रेक ओरडला आणि थांबला. खाली खाडीला भरती लागत होती, पाणी आत सरकत होतं, कुठलाच आवाज न करता. तिने इंजिन बंद केलं. तोंडात शब्द जमवले, शहरातले शब्द, स्वच्छ, वाक्यात बसणारे. बाबा, आपण डॉक्टरांना दाखवू या. बाबा, काळजी करण्यासारखं काही नाही. एकही बाहेर आला नाही. आला तो वेगळाच, किती वर्षांनी, घडी मोडून.

"बाबा, टेम्पोची चावी मना द्या."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. टेम्पोची चावी ते कमरेच्या करदोड्याला बांधत, झोपतानाही, ट्रकच्या दिवसांपासूनची सवय, आणि आता त्यांचा हात शर्टावरून तिथे गेला, पण आत गेला नाही. तिथेच राहिला. खाडीवरून वारा येत होता. एक एसटी पुलावरून गेली आणि पूल थोडा वेळ हलत राहिला. ते कशाला असं विचारतील, या प्रश्नाची तिने तीन उत्तरं तयार ठेवली होती, तिन्ही खोटी. त्यांनी ते विचारलं नाही.

"पीस," ते म्हणाले. "पीस माजं व्हतं ना गो?"

त्यांनी हे सांगितलं नव्हतं, विचारलं होतं. काळोखात भिंत चाचपावी तसं. तिला वाटलं, अजून एक खोटं सहज बसेल इथे, दादूसमोर बसलं तसं. मीच लावलं, बाबा. तुम्ही कुठलं. आणि ते मानतील. उद्या पहाटे उठून टेम्पो काढतील.

"व्हय, बाबा."

त्यांनी मान हलवली. मग शर्ट वर केला आणि गाठ सोडायला लागले. गाठ जुनी, घट्ट, दोर्‍याला घामाचा पीळ. ती मदतीला वाकली नाही. नखाने उकलत उकलत त्यांनी एकदाची चावी मोकळी केली, तळहातावर ठेवून पाहिली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि तिच्या हातात दिली. ती लगेच निसटली, सीटखाली गेली. तिने चाचपून काढली. चावी तेलाने माखलेली होती, दातांच्या फटींतसुद्धा तेल भरलेलं. मुठीत धरली तरी ती आतल्या आत सरकत होती.

"उद्या तू नेशील बायकांना?" त्यांनी विचारलं.

"नेईन. रजा टाकतू." मग तिला कळलं की आपण टाकतू म्हणालो, बाबांसारखं.

"मंग मी काय करू?"

हे तिने ठरवलं नव्हतं. इतका वेळ ती चावीपर्यंतच पोचत होती, पलीकडे काही दिसत नव्हतं. "तुमी बाजूला बसा," ती म्हणाली. "मना रस्ता दाखवा." म्हटल्यावर तिला फाटा आठवला, आणि तिने जीभ चावली, पण ते तिकडे नव्हतेच. ते पुढच्या काचेतून पुलाकडे बघत होते.

"पुढं गोदू बसतं," ते म्हणाले. "मागं बसली त तिला ओकारी येतं. मी मागं बसतू."

तिने इंजिन सुरू केलं. पूल चढला आणि पलीकडे उतरायला लागला. रस्ता मोकळा होता, कुत्रंसुद्धा नव्हतं, तरी तिने ब्रेक दाबला.